कळवले : होय

"समीक्षा, तो फॉरेनचा मेल सायबायले वाचून दाखव बरं," शालिकरामांनी बैठकीतून हाक मारली, आणि आत लॅपटॉपपुढे बसलेल्या समीक्षानं अर्धवट लिहिलेलं उत्तर खोडून टाकलं.

सकाळी तिच्या खांद्यावरून डोकावताना बाबांनी त्या मेलातला एकच शब्द ओळखला होता: सॉरी. तेवढ्यावर त्यांना आकाश ठेंगणं झालं. सगळी नोकरी प्लांटमध्ये वरच्यांना सॉरी म्हणण्यात गेलेली, आणि आता कोणी गोरा आपल्या पोरीला सॉरी म्हणतो! त्यात आज त्यांचे जुने अधिकारी शामसुंदर साहेब स्वतः जुनवानीला घरी आले होते, मराठी मंडळात समीक्षाच्या कामाबद्दल तिचा सत्कार ठरल्याचं सांगायला. साहेबांनी या घरी चहा घेण्याची ही पहिलीच वेळ.

"अजून मोहल्ल्यातल्या लोकायले वाटते, पोरगी कुरियरमध्ये पॅकिंग करते," शालिकराम हसून सांगत होते.

काम पॅकिंगचंच होतं म्हणा. जगात कुठेतरी कोणी फुकट लिहून ठेवलेली लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामचा तुकडा, घ्यायची, तपासायची आणि लिनक्स या संगणकप्रणालीत नीट बसेल अशी बांधून ठेवायची. मध्ये काही बदल करावा लागला, तर त्याच्या माथ्यावर टीप लिहायची: काय बदललं, का बदललं, आणि मूळ लेखकाला कळवलं की नाही.

दीड वर्षापूर्वी तारखांचं गणित करणारी एक लायब्ररी जुन्या मशीनवरच्या तपासणीत नापास होत होती. लिनक्सची नवी आवृत्ती निघायला दोन दिवस उरले होते. समीक्षानं ती तपासणीच वगळली आणि टिपेत लिहिलं, "कळवले : होय." संध्याकाळी कळवूच, असं तिला खरंच वाटलं होतं. मग नवरात्र आलं, पाहुणे आले, आणि जे राहून गेलं ते राहूनच गेलं.

आता त्या जुन्या मशीनांवर तारखा एक दिवस पुढे सरकत होत्या. कुठल्याशा लसीकरण केंद्रात बाया तान्ह्या बाळांना घेऊन भलत्याच दिवशी पोचल्या. लोक चिडले, शोधता शोधता ती टीप सापडली, आणि इंटरनेटवरच्या तक्रारींच्या पानावर सगळे मूळ लेखकावर तुटून पडले. दीड वर्षापूर्वी सांगितलं होतं, तरी झोपून राहिलात! तो नॉर्वेतला बहात्तर वर्षांचा म्हातारा. बावीस वर्षं त्यानं ती लायब्ररी एकट्यानं, एक पैसा न घेता सांभाळली होती. तो कोणाशी भांडला नाही. त्यानं समीक्षाला मेल लिहिला.

ती लॅपटॉप घेऊन बाहेर आली आणि उभ्यानंच मराठीत सांगत गेली.

"प्रिय समीक्षा, तुमचा मेल मी तीन दिवस शोधला, सापडला नाही. माझ्याच हातून कुठे गेला असणार. हल्ली मला विसरायला होतं. तुम्ही वेळेवर कळवलंत, मी लक्ष दिलं नाही, त्याबद्दल सॉरी. हे काम आता माझ्याच्यानं होत नाही, हे मला समजलं. शुक्रवारी मी लायब्ररी सोडतो आहे."

"केवढा मोठेपणा!" शामसुंदर साहेब म्हणाले. "सत्काराच्या वेळी हे वाचायलाच पाहिजे, शालिकराम."

"माइकवर वाचू ना, सर. बुढापा आहे बिचाऱ्याचा. विसरते माणूस."

समीक्षाचे कान तापले. सकाळपासून तिनं तीन उत्तरं लिहून खोडली होती. एकात गैरसमज झाला होता, दुसऱ्यात सर्व्हरमुळे मेल पोचला नसावा. तिसरं सगळ्यांत सभ्य होतं: चूक दोघांचीही असू शकते. खोटं लिहिल्यापेक्षा ते आपल्याला इतक्या सफाईनं लिहिता येतं, याचीच तिला जास्त लाज वाटत होती.

"बाबा, मी मेल पाठवलाच नव्हता."

"कोणता?"

"तोच, जो ते तीन दिवस शोधून राहिले होते. मी नुसतं लिहून दिलं, कळवलं म्हणून. झूठ लिखा था. त्यांची काहीच गलती नाही."

शालिकरामांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, जायला विसरल्यासारखं. साहेबांनी मात्र कप खाली ठेवून सावरून घेतलं.

"अगं, घाईत होतं असं. तू त्यांना खाजगीत दोन ओळी लिहून टाक. पत्रिका छापून झाल्या आहेत."

"शिव्या तर त्यायले सबके सामने पडल्या ना, काका."

ती तिथेच दिवाणावर टेकली. जिथे सगळे म्हाताऱ्याला बोलत होते, त्याच पानावर तिनं चार ओळी लिहिल्या. मी कळवलं नव्हतं. टीप खोटी होती. दोष माझा आहे, कृपा करून त्यांना बोलू नका. खाली पूर्ण नाव घातलं. तिथे एकदा लिहिलेलं कोणाला पुसता येत नाही, तिलाही नाही. तिनं पाठवून दिलं.

साहेबांना अचानक काम आठवलं. ते निघाले तेव्हा शालिकराम फाटकापर्यंत पोचवायला गेले नाहीत. जागचे उठलेही नाहीत.

"बाबा, काही तर बोला."

शालिकरामांनी साहेबांचा अर्धा राहिलेला कप बशीत सरळ ठेवला.

"काय बोलू?" ते म्हणाले. "सकाळपासून मी त त्या बुढ्यालेच माफ करून बसलो होतो."