बिजली मेलचा पयला फेरा

"दांडी ओढू नको, जवाई! त्या गाडीले बाहेरच राहू दे, आमची पयले जाऊ दे!"

अनुसयाबाई पॅसेंजरच्या खिडकीतून वरडून राहिली होती. आत बाकावर तिची पोरगी धुरपता, कालपासून अडलेली. चोरखमारा गावच्या सुईणीनं हात टेकले होते. गोंदियाच्या दवाखान्यात नेली तरच वाचन, म्हणाली. बैलगाडीनं कशीबशी टेसनापर्यंत आणली, तर पॅसेंजर बाजूच्या लाइनीवर डांबून ठेवलेली. कवाची उभी, हलायचं नाव नाही.

आणि सिग्नलच्या दांडीपाशी कोण? धुरपताचा नवरा, बकाराम. टेसनावरचा काटेवाला, रूळ अन सिग्नल फिरवणारा.

पॅसेंजर आधी सोडा म्हणून तो मास्तरच्या पाया पडून आला होता. श्यामलाल मास्तर तसा दिलदार माणूस. पण त्यानं भिंतीवरच्या चित्राकडं बोट दाखवलं.

"अरे भाई, आज बिजली मेलचा पयला फेरा हाय. सगळ्यात तेज गाडी म्हणून कंपनीनं गावोगाव चित्रं लावली. ती रखडली तं तूबी घरी अन मीबी घरी. पहले उसको जाने दे."

चित्र तर बकारामनंच भिंतीवर चिकटवलं होतं, खळ लावून. लाल गाडी, सोनेरी नाव. गाव पाहायला लोटलं होतं.

घंटी वाजली. मेल मागचं टेसन सोडून निघाली.

"अरे, पोरगी मरून राहिली!" अनुसयाबाईनं कपाळ बडवलं. "तू नवरा हायस का कंपनीचा बैल?"

बकारामनं दांडी धरली. हात ओढेना. मग तो मनाशी म्हणाला, येवढी तेज गाडी काढली, तर आत अडलेलेच लोक असतीन. कोणाचा बाप शेवटच्या घटका मोजत असन. कोणाची धुरपता तिकडंही पडली असन. त्याहिले कोण अडवणार?

डोळे मिटून त्यानं दांडी ओढली.

मेल आली. जमीन हादरली. डब्याडब्यावर सोनेरी नाव, खिडकीला पडदे, टेबलावर पांढरीधोप चादर. खुर्च्या रिकाम्या. दुसरा डबा रिकामा. तिसरा रिकामा. शेवटच्या डब्याच्या दारात एक साहेब तेवढा, हातात घड्याळ धरून.

गाडी गेली. धुरळा बसला. पॅसेंजरमधलं कण्हणं कवा थांबलं, ते त्या धडधडीत कोणाले ऐकू आलं नव्हतं. आता अनुसयाबाईचा हंबरडा आला.

बकाराम दांडीपाशीच उभा.

"मास्तर, मेलमंदी लोक कुठं होते?"

श्यामलालनं मान खाली घातली.

"लोक सोमवारपासून बसतीन, बकाराम. आज नुसतं नाव पळवून पाहिलं."