खडखड

उमेशच्या सेकंडहँड मोटरसायकलची खडखड ऐकली की डिलाईल रोडची ती अख्खी चाळ शिव्या घालायची. दृष्टी गेलेले त्याचे आबा तेवढे, "आला माझा उम्या," म्हणत बोळातलं आपलं स्टूल उचलून भिंतीला लागायचे.

रोजच्या कटकटीला वैतागून उमेशने घरातच इंजिन खोललं. महिनाभर खपून नवा पिस्टन घातला, बेअरिंग बदलले, नवा सायलेन्सर बसवला. रविवारी ट्रायल मारून तो सवयीने वेगातच बोळात वळला. गाडी हूं की चूं करत नव्हती.



हॉस्पिटलात ऑपरेशनला आत नेताना आबांनी चाचपडत त्याचा हात धरला. "कोणाची गाडी होती रे, उम्या? तुझी असती तर मी लांबूनच ऐकून बाजूला झालो असतो."