चोच कापायची मशीन

पशुसंवर्धन खात्याच्या नंदकिशोर साहेबांनी फटफटीवरून चोच कापायची मशीन उतरवली आणि मलिकाच्या अंगणात पाहतात तर पिंजरा सताड उघडा. बारापैकी एकही कोंबडी आत नव्हती.

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, म्हणून घाटंजीच्या बायकांना योजनेतून अंड्यांवरच्या कोंबड्या मिळाल्या होत्या, तारेच्या पिंजऱ्यासकट. अट एकच. कोंबड्या वर्षभर पिंजऱ्यातच हव्यात, नाहीतर परत. त्या एकमेकींची पिसं उपटतात अशी तक्रार मलिकानेच केली होती. साहेब त्यावर इलाज घेऊन आले होते.

“बाहेर का सोडल्या, बाई?”

“पिसं काहून उपटतात, थे पाहाले. मातीत सोडल्या अन् उपटनं बंद. पयले दोन दिवस तर धड चालता येत नव्हतं त्याईले.”

चुलीच्या राखेत एक कोंबडी आडवी पडून पाय झाडत होती. साहेब दचकले. “ही मरायला टेकली!”

“आंगोळ करून राह्यली थे,” मलिका म्हणाली. शिकल्यासवरल्या माणसाला एवढंही कळू नये, याचा तिला रागच आला.

“नियम म्हणजे नियम. चोची कापून परत कोंडा, नाहीतर मी घेऊन जातो.”

तिचा नवरा मोईन दारातूनच पुटपुटला, “कापू दे ना. टोक तर हाये जरासं.”

“मंग तुह्या जिभेचं देतं काय जरासं?” ती साहेबांकडे वळली. “न्या. पकडा अन् न्या.”

साहेब धावले. कोंबड्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या ढिगामागे पळाल्या, तिथून कुंपणाकडे. साहेबांचा एक बूट शेणात गेला. दिवस कलला तशा त्या फडफडत एकेक करून अंगणातल्या कडुलिंबावर चढल्या. जन्म तारेवर गेलेला, झाड कधी पाहिलेलं नाही, तरी त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

अकरा वर गेल्या. बारावीच्या पंखांना पिसंच उरली नव्हती. तिने दोनदा उडी मारली, दोनदा पडली. साहेब वाकले, पण मलिकाने तिला आधीच उचललं होतं. तिने टाचा उंचावून दोन्ही हातांनी तिला खालच्या फांदीवर ठेवलं. कोंबडी डगमगली. मग तिच्या बोटांनी फांदी घट्ट धरली.

मलिकाने बाज ओढत आणली आणि लिंबाखाली टाकली.

“बसा, साहेब. सकाळी उतरतीन.”