सोळावं सरलं तरी

“एकदाही नाही?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“नाही हो,” इंदुमती म्हणाली. “सोळावं सरलं. हिच्या बरोबरीच्या सगळ्या कधीच शहाण्या झाल्या.”

साताऱ्यात कोणी ओळखीचं भेटेल, म्हणून ती लेकीला घेऊन औंधाहून थेट सांगलीला आली होती. घरी अनंतबुवा नवरात्रातलं आख्यान लावत बसले होते. उद्या देवीपुढे त्यांचं कीर्तन, आणि मागे पेटीवर नेहमीसारखी अपूर्वा.

“अंग भरलंय, उंचीही झालीय. तुम्हाला पाळी कधी आली होती?”

“चौदाव्या वर्षी.”

“हिचं दर महिन्याला पोट दुखतं?”

“दुखतं की. मग मैत्रिणीकडे जाऊन पडते. वल्लरीची आई नर्स आहे ना.”

अपूर्वा खाली मान घालून बसली होती.

“काही मुलींची वाट जन्मतःच बंद असते. रक्त आत साठतं. छोट्या ऑपरेशनने भागतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “क्वचित गर्भाशयच नसतं. सोनोग्राफी करू.”

बाहेरच्या बाकावर इंदुमतीने डोळे मिटले. ‘यमाई, पोरीला अपुरी ठेवू नकोस गं. जन्मभर तुझी सेवा करील ती.’ आत बराच वेळ दोघी बोलत होत्या.

दार उघडलं, तेव्हा डॉक्टरीणबाई हसत होत्या. “सगळं जागच्या जागी आहे. वाट मोकळी, कुठे काही साठलेलं नाही.”

“मग औषध?”

“औषध नको. बाकीचं तीच सांगेल तुम्हाला.”

एसटी स्टँडवर उसाचा रस घेताना अपूर्वाने ग्लास खाली ठेवला.

“आई, मला येते. दोन वर्षं झाली.”

“काय बोलतेस?”

“वल्लरीच्या आईला माहितीये. घरी सांगितलं असतं, तर दर महिन्याला बाजूला बसवलं असतं. देवळाची पायरी बंद. बाबांनी पेटीवर जोतीरामकाकांना बसवलं असतं. ते तर प्रत्येक पदात मागे राहतात.”

“आणि माझा जीव टांगणीला लागला, त्याचं काय?”

“तू इथवर आणशील असं वाटलं नव्हतं गं.”

“आत्ता कधी आली होती?”

अपूर्वा हळूच म्हणाली, “आज सकाळी.”

इंदुमतीला रागवायचं होतं. आधी हसूच फुटलं, मग डोळे भरून आले. “आहे गं बाई, सगळं आहे,” असं पुटपुटत तिने लेकीला जवळ ओढलं. एरवी कडक सोवळं पाळणारी इंदुमती, भर स्टँडवर.

घरी पोचल्या तेव्हा अनंतबुवा ओसरीवरच उभे होते.

“काय म्हणाल्या डॉक्टर?”

“पोर ठणठणीत आहे.”

देवीच्या तसबिरीकडे बघत बुवांनी हात जोडले. “म्हणजे येईल ना लवकरच?”

“छे, लग्न होईपर्यंत तरी नाही,” इंदुमती म्हणाली. “अपूर्वा, पेटी काढ.”