काम मागणारी बाई

हेमकांतने चहाचा पेला बाकावर आपटला आणि समोरच्या बाईकडे बोट रोखलं.

"हातपाय धड शेतस ना तुन्हा? मंग काम कर. फुकटनं खावाले लाज नही वाटस?"

बाई हात पसरून तशीच उभी राहिली. कमलबाई तिचं नाव. प्रकाशा गावातल्या देवळाच्या पायऱ्यांवर ती चार-पाच वर्षं बसत होती, पण नाव विचारायच्या भानगडीत कोणी पडलं नव्हतं. हेमकांतचं मात्र गावभर नाव होतं. या माणसाने जन्मात कोणा भिकाऱ्याच्या हातावर दमडी ठेवली नाही, हे तो स्वतःच सांगत फिरायचा. भीक दिली की माणूस आळशी होतो, असं त्याचं म्हणणं. पैसा वाचायचा तो वाचायचा आणि वर उपदेशही झोडता यायचा.

"द्या ना मंग काम, भाऊ," कमलबाई म्हणाली.

देवळासमोरच्या त्या चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघू लागली. असं उत्तर आजवर हेमकांतला कोणी दिलं नव्हतं.

कुंदनचं शेत हेमकांतच्या शेताला लागून. तो बाकावरूनच म्हणाला, "हेमकांतभाऊ, तुम्हले मजूर भेटत नहीत ना? लई जा हिले."

मजूर मिळत नव्हते हे खरं होतं. दिवाळी झाली तशी निम्मी माणसं ऊसतोडीला गुजरातेत गेली होती. आज बांधावर पपईचा ट्रक उभा होता. संध्याकाळपर्यंत भरला नाही, तर व्यापारी दुसऱ्याच्या शेताकडे वळणार होता. पण हेमकांतची खरी पंचाईत निराळीच होती. आता नाही म्हणावं, तर इतक्या वर्षांच्या भाषणांवर पाणी पडतं, तेही दहा-पंधरा जणांसमोर. त्याने कमलबाईला ट्रॉलीत बसायला सांगितलं. तासाभरात ही पळ काढणार याची त्याला खात्री होती. खरं म्हणजे तिने पळूनच जावं, असं त्याला वाटत होतं.

ती पळाली नाही. शेताच्या कडेला चार बाया पपया रद्दीत गुंडाळत बसल्या होत्या. त्यांच्या रांगेच्या शेवटी ती बसली. पपईच्या चिकाने हात खाजतात, नवीन बाई पहिल्या दिवशी कुरकुरते. ही कुरकुरली नाही. तिने बाकीच्यांचं बघून बघून हात बसवला आणि तासाभरात तिच्यापुढची रास त्यांच्या बरोबरीला आली. हेमकांतला कौतुक वाटायला हवं होतं. त्याला राग आला.

तेवढ्यात त्या चौघींतली थोरली, धनुबाई, हातातली पपई खाली ठेवून उठली.

"हाई तं देवळनी भिकारीण शे. हिना जोडे आम्ही नही बससूत. एक तं ती बसी, नही तं आम्ही."

बाकीच्या तिघीही पदर झटकून उभ्या राहिल्या. ट्रकवाल्याने हॉर्न दिला.

चिकाने पाचही जणींचे हात सारखेच भरलेत, एवढं एकच वाक्य हेमकांतला बोलता आलं असतं. तो बोलला नाही. चौघी गेल्या तर ट्रक अर्धा राहतो, एक गेली तर काही अडत नाही, हा हिशोब त्याला ताबडतोब जमला. मनातून त्याला हायसंही वाटलं. त्याने कमलबाईला बांधाआड नेलं आणि खिशातून शंभराची नोट काढली.

"जाय, माय. आठे काम नही."

"मन्हं काय चुकनं, भाऊ?"

"काही नही चुकनं. तू जाय."

कमलबाईने नोटेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. आवाज न चढवता ती म्हणाली, "भीक मांगी तं रुपया भेटस. काम मांगं तं नोट. या सालनी हाई तिसरी शे. पहिली कुंदनभाऊनी दिधी. काम कोनीच दिधं नही."

नोट पदराच्या टोकाला बांधून ती पायवाटेने निघून गेली.

हेमकांतच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि राग सगळा कुंदनवर. स्वतः तिला अशीच नोट देऊन वाटेला लावलेली असून हा माणूस सकाळी हेमकांतच्या गळ्यात घोंगडं अडकवून मजा बघत होता. आज चारचौघांत त्याचं पितळ उघडं पाडायचंच, असं ठरवून ट्रक निघाल्याबरोबर त्याने टपरी गाठली. कुंदन तिथंच होता. समोर पायऱ्यांवर कमलबाई बसली होती.

हेमकांत तोंड उघडणार, तोच मोटारीतून दर्शनाला आलेला एक गृहस्थ पाकीट हातात धरून त्याच्याजवळ आला. माणूस धुळ्याकडचा होता, बोलणं अदबीचं होतं.

"दादा, तुम्ही इथलेच ना? त्या बाईला काही द्यावं का? खरोखर गरजू आहे, की धंदाच आहे हा? आजकाल काही कळत नाही."

टपरीवरचे सगळे हेमकांतकडे बघू लागले. सकाळी तिला ट्रॉलीत बसवताना त्यांनीच पाहिलं होतं. कुंदनचा पेला ओठाशी थांबला. एका वाक्यात कुंदन उताणा पडला असता, पण त्याच वाक्यात हेमकांतही पडला असता.

"काही देऊ नका," हेमकांत म्हणाला. "सकाळीच कामाला नेली होती मी. तासाभरात पळून गेली."

गृहस्थाने पाकीट खिशात ठेवलं.

"मन्हाकडथून बी पळनी व्हती," कुंदन म्हणाला.