बिनऔषधाच्या ओळी

शेजारच्या शेतात घेवड्यावर तांबेरा आल्याचं कळलं आणि लेकीचं चित्त थाऱ्यावर राहिना. पिकाला रोगाशी झुंजायची ताकद देणारं, तिने शोधलेलं औषध वडिलांच्या निम्म्याच घेवड्यावर मारलेलं होतं. उरलेल्या ओळी प्रयोगात तुलनेसाठी तिनेच तशा ठेवायला लावल्या होत्या. रोग शिरायच्या आधी फवारलं, तरच उपयोग होता. ती तडक शेतावर आली आणि भरलेला पंप तिने पाठीला लावला.

“उतरव तो,” वडील म्हणाले. “तीन वर्षांची मेहनत मातीत घालशील.”

“आणि बाबा, तुमचं पीक?”

वडिलांनी तिच्या खांद्यावरचा पट्टा हळूच सोडवला.

“सकाळपासून मीही हा तीनदा पाठीला लावलाय,” ते म्हणाले, “आणि तीनदा उतरवलाय.”