दुरुस्तीला

शेजारच्या टिकेकरकाकूंनी बंद पडलेला मिक्सर टेबलावर ठेवला आणि ओजसचा संयम सुटला. तो मेकॅनिकलला गेल्यापासून सोसायटीतलं प्रत्येक बिघडलेलं यंत्र त्याच्याच घरी येत होतं.

"काकू, मी इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडून मानसशास्त्र शिकायचं म्हणतोय." आईबाबांना सांगायला महिनाभर जीभ रेटत नव्हती, ते असं बाहेर पडलं.

पेपरमागून बाबांनी थंडपणे विचारलं, "म्हणजे नेमकं करणार काय?"

"लोकांशी बोलून त्यांच्या मनात काय अडलंय ते शोधणार."

काकू विचार करतच मिक्सर उचलून निघून गेल्या. ओजसला एकदम हलकं वाटलं.

थोड्या वेळाने बेल वाजली. या वेळी काकूंनी काकांना दंडाला धरून आणलं होतं.

"लग्न झाल्यापासून हे माझ्याशी धड बोलत नाहीत," काकांना त्याच टेबलापाशी बसवत त्या म्हणाल्या. "बघ काय झालंय ते. संध्याकाळपर्यंत झालं तर बरं, पाहुणे यायचेत."

काका छताकडे बघत राहिले. बाबांनी पेपरची घडी घातली.

ओजसने काकांना नीट न्याहाळलं. "काकू," तो हळूच म्हणाला, "मिक्सर आणा परत."